चिठ्ठी नको, तारीख हवी

(विधि शाखेचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी इंदूर येथे मंडळाच्या सभागृहात मेळावा झाला. त्यात मार्गदर्शन समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. – संपादक)



आजच्या मेळाव्याचे निमंत्रण घरोघर पोहोचले, तेव्हा त्यावरचा विषय वाचून दोन-तीन पालकांनी आम्हाला फोन केले. विषय होता, ‘न्यायमूर्तींकडील लॉ क्लर्कचे काम आणि त्यासाठी अर्ज’. एका काकांनी स्पष्टच विचारले, “पाच वर्षे कायदा शिकवायचा, फी भरायची, आणि शेवटी पोराला क्लार्क करायचे का?” प्रश्न रास्त आहे. ‘क्लार्क’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टेबल, फायलींचा ढीग आणि ‘उद्या या’ म्हणणारा माणूस उभा राहतो. म्हणून सुरुवात या शब्दापासूनच करू.

मंडळाच्या सभासदांची यादी काढून पाहा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, दफ्तरदार ही आडनावे त्यात सापडतील. फडणीस म्हणजे हिशेब आणि दफ्तर सांभाळणारा, चिटणीस म्हणजे पत्रव्यवहार लिहिणारा. आपल्यापैकी कितीतरी घराणी लेखणीच्या जोरावरच होळकरशाहीत, शिंदेशाहीत किंवा गायकवाडांच्या राज्यात आली आणि इथलीच झाली. नाना फडणवीसांच्या नावातला ‘फडणवीस’ हाही मुळात दफ्तराचाच हुद्दा. तेव्हा कारकुनीची लाज वाटायला आपल्याला तसा बराच उशीर झाला आहे!

आता विनोद बाजूला ठेवू. न्यायमूर्तींचा लॉ क्लर्क हा कार्यालयीन कारकून नसतो. तो न्यायमूर्तींचा संशोधन सहायक असतो आणि बहुधा नुकताच कायद्याचा पदवीधर झालेला असतो. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी १८८२ मध्ये असा सहायक नेमण्याची प्रथा सुरू केली, तीही सुरुवातीला स्वतःच्या खिशातून पगार देऊन. तिथले आजचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स तरुणपणी न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचे क्लर्क होते, आणि न्यायमूर्ती एलेना केगन या थरगूड मार्शल यांच्या. आपल्याकडे ही पद्धत उशिरा आली, पण आज सर्वोच्च न्यायालयात आणि बहुतेक उच्च न्यायालयांत ती रुळली आहे.

काम काय असते? सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका येतात. नव्या प्रकरणांच्या दिवशी एकेका खंडपीठापुढे अशा कितीतरी याचिका असतात. त्यांच्या फायली क्लर्कने आधी वाचायच्या. खटला कशाचा, खालच्या न्यायालयाने काय ठरवले, उच्च न्यायालयाने ते का कायम केले किंवा का फिरवले, आता नेमका कायद्याचा प्रश्न कोणता, त्यावर पूर्वीचे निवाडे काय म्हणतात, हे सारे एक-दोन पानांत मांडायचे. सुनावणीला बसायचे, टिपणे काढायची. निकाल राखून ठेवला की संदर्भ शोधायचे, दाखले तपासायचे. निर्णय अर्थातच न्यायमूर्तींचा. पण निर्णय कसा घडतो हे वर्षभर जवळून पाहायला मिळते. दहा वर्षे वकिली करूनही बाकाच्या त्या बाजूने खटला कसा दिसतो हे वकिलाला कळत नाही. क्लर्कला ते बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कळते.

आता आमच्याच समितीची एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आपल्याच समाजातली, कायद्याच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. सर्वोच्च न्यायालयात लॉ क्लर्क घेतात असे तिने कुणाकडून तरी ऐकले होते. अर्ज कसा करायचा, कॉलेजचे पत्र लागते का, एवढेच तिला विचारायचे होते. आम्ही काय केले? आपल्या पिढीने जे नेहमी केले तेच. “थांब, आमची एका साहेबांशी ओळख आहे,” असे म्हणून चिठ्ठी लिहून दिली. साहेब बाहेरगावी होते. ती दोनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा भेट झाली तेव्हा ते म्हणाले, “अगं, याला चिठ्ठी लागत नाही. याची परीक्षा असते, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो.” तिने घरी येऊन संकेतस्थळ उघडले. अर्जाची मुदत १५ फेब्रुवारीला संपली होती. दोन दिवस झाले होते.

काही दिवसांनी ती भेटली. रागावली नव्हती. एवढेच म्हणाली, “काका, मला चिठ्ठी नको होती, तारीख हवी होती.”

हे वाक्य आम्हाला अजून बोचते. जानेवारीत न्यायालयाच्या संकेतस्थळावर जाहिरात होती, कुणालाही दिसेल अशी. ती पाहण्याचे कष्ट आम्ही घेतले नाहीत. आमचा सारा भरवसा ओळखीवर. दर वर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांना शाल-श्रीफळ देणाऱ्या मंडळाच्या फलकावर अशी एकही जाहिरात कधी लागली नव्हती. आजचा मेळावा हे त्या चुकीचे परिमार्जन समजा.

आता मुद्द्याकडे वळू. या कामाकडे जाणाऱ्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट सर्वोच्च न्यायालयाच्या परीक्षेची. तिथे या पदाला ‘लॉ क्लर्क-कम-रिसर्च असोसिएट’ म्हणतात. नेमणूक कंत्राटी आणि थोड्या मुदतीची. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी सुमारे ९० जागांसाठी जाहिरात निघाली. दोन्ही वेळी अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत भरून घेतले आणि परीक्षा मार्चमध्ये झाली, २०२४ ला १० मार्चला आणि २०२५ ला ९ मार्चला. अर्जाची फी ५०० रुपये होती, मानधन दरमहा ८०,००० रुपये. वयाची अट २० ते ३२ वर्षे. बार कौन्सिलची मान्यता असलेल्या कोणत्याही कॉलेजची कायद्याची पदवी चालते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या पाचव्या वर्षातले आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षातले विद्यार्थीही अर्ज करू शकतात. मात्र रुजू होण्याआधी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो.

‘कोणत्याही कॉलेजची’ हे शब्द आम्ही मुद्दाम दुसऱ्यांदा उच्चारतो. हे काम फक्त राष्ट्रीय विधि विद्यापीठांतल्या मुलांचे, अशी आपल्या मुलांची समजूत झाली आहे. भोपाळ किंवा जबलपूरच्या विधि विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही की ती मनाने माघार घेतात. परीक्षेच्या अर्जावर अशी अट नाही. इंदूरच्या शासकीय विधि महाविद्यालयातला विद्यार्थी आणि बंगळूरचा विद्यार्थी एकाच दिवशी तोच पेपर सोडवतात. २०२४ मध्ये ही परीक्षा देशातल्या २३ शहरांत घेतली गेली.

परीक्षेचे टप्पे तीन. पहिला वस्तुनिष्ठ प्रश्नांचा. कायदा समजतो का, दिलेल्या हकिगतीला लावता येतो का, उताऱ्याचे आकलन होते का, हे त्यात पाहतात. दुसरा टप्पा लेखी, लेखन आणि विश्लेषण यांचा. हे दोन्ही एकाच दिवशी होतात. तिसरा टप्पा मुलाखत. जाहिरातीचे आकडे दर वर्षी बदलू शकतात, म्हणून आम्ही सांगितलेली फी, मानधन आणि तारखा वर्षासकट लक्षात ठेवा आणि चालू वर्षाची जाहिरात स्वतः पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. जाहिरात नीट वाचणे हीच क्लर्कच्या कामाची पहिली परीक्षा आहे.

दुसरी वाट उच्च न्यायालयांची. इथे आपली मुले एका साध्या गोष्टीत फसतात, ती म्हणजे नाव. प्रत्येक उच्च न्यायालयाने या पदाला वेगळे नाव दिले आहे. मुंबई उच्च न्यायालयात ‘लॉ क्लर्क’, दिल्लीत ‘लॉ रिसर्चर’, गुजरातेत ‘लीगल असिस्टंट’, कर्नाटकात आणि आपल्या मध्य प्रदेशात ‘लॉ क्लर्क-कम-रिसर्च असिस्टंट’. एकाच नावाने शोधत बसलात तर बाकीच्या जाहिराती डोळ्यांसमोरून निघून जातील. त्यांच्या तारखा ठरावीक महिन्यात येत नाहीत. वय, गुण, मानधन, परीक्षा की नुसती मुलाखत, अर्ज ऑनलाइन की टपालाने, सगळे निरनिराळे. वर्षभर आठवड्यातून एकदा, समजा दर सोमवारी, पाच-सहा उच्च न्यायालयांच्या संकेतस्थळांवरचे भरतीचे पान उघडायचे. दहा मिनिटांचे काम आहे.

आपल्या मुलांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे जरूर पाहावे. त्याची खंडपीठे नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झाले आहे. महाराष्ट्राच्या खालच्या न्यायालयांतली साक्ष, पंचनामे, सातबारा आणि फेरफार मराठीत असतात. उच्च न्यायालयाची भाषा अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी. मूळ मराठी जबाब वाचून त्याचे सार इंग्रजीत नेमके मांडणारा सहायक तिथे उपयोगी पडतो. आपली मुले घरी मराठी, बाहेर हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी वापरतात. हे त्यांना ओझे वाटते, पण इथे तेच भांडवल आहे. अट एवढीच की घरातली मराठी नुसती बोलीपुरती नको, वाचता-लिहिताही यायला हवी. ज्या पालकांनी मुलांना मराठी लिहायला शिकवले नाही, त्यांनी आता तरी सुरुवात करावी.

तिसरी वाट थेट न्यायमूर्तींच्या कार्यालयाकडे अर्ज करण्याची. अनेक न्यायमूर्ती आपल्याकडे आधी प्रशिक्षणार्थी म्हणून राहून गेलेल्या, किंवा थेट अर्ज केलेल्या उमेदवारांतूनही निवड करतात. इथे ओळखीचा भाग अजिबात नसतो असे आम्ही म्हणणार नाही. मोठ्या शहरातल्या, वकिलांच्या घरातल्या मुलाला कोणाकडे कधी जागा होणार हे आधी कळते, आणि आपल्याला कळत नाही. ही विषमता आहे, आणि ती बोलून दाखवली पाहिजे. परीक्षेची वाट आपल्यासारख्यांना अधिक मोलाची वाटते ती यामुळेच. पण थेट अर्जाची वाटही बंद नाही. त्यासाठी आधी प्रशिक्षण, म्हणजे इंटर्नशिप हवी. तिसऱ्या वर्षापासून सुट्टीत इंदूर खंडपीठात, जबलपूरला, जमल्यास दिल्लीला महिनाभर काम करा. तिथे तुमचे लिखाण कुणीतरी वाचलेले असणे, हीच खरी ओळख.

आता अर्जाबद्दल. त्यात काय काय लागते आणि कुठे चुकते ते सांगतो.

परिचयपत्र दोन पानांच्या आत ठेवा. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची बक्षिसे त्यात नकोत. शिक्षण, गुण, प्रशिक्षण कुठे आणि कशाचे, लिहिलेले लेख, अभिरूप न्यायालयातला सहभाग, येणाऱ्या भाषा, एवढे पुरे. प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो. ‘घटनात्मक कायद्याची विशेष आवड’ असे लिहिणाऱ्या एका मुलाला आम्ही सराव मुलाखतीत विचारले, “अलीकडे कोणता निवाडा वाचलास?” तो गप्प. अशी आवड कागदावर न आणलेलीच बरी.

सोबतचे पत्र एका पानाचे. न्यायमूर्तींची स्तुती करू नका, त्यांना ती नको असते. त्यांचा एखादा निकाल खरोखर वाचला असेल तर त्यातला कोणता मुद्दा तुम्हाला विचार करायला लावणारा वाटला ते दोन ओळींत लिहा. वाचला नसेल तर लिहू नका. नाव, पद, न्यायालय यांत एकही चूक नको. एकच पत्र दहा न्यायमूर्तींना पाठवताना जुने नाव तसेच राहिले, असे आम्ही स्वतः पाहिले आहे.

लेखनाचा नमुना हा अर्जाचा प्राण. पाच-सात पानांचा, एका कायदेशीर प्रश्नावरचा आणि स्वतःचा. हल्ली संगणकाला सांगितले की तो निबंध लिहून देतो. आम्ही मुलांना कळकळीने सांगतो की हा मोह टाळा. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या वकिलांनी २०२३ मध्ये अशा यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे मांडले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. ज्या कामात दाखला खरा की खोटा हे तपासणे हेच मुख्य, त्या कामाच्या अर्जात खोटा दाखला सापडला तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

शिफारसपत्र लागत असेल तर तुमचे लिखाण वाचलेल्या प्राध्यापकांकडून किंवा ज्यांच्याकडे काम केले त्या वकिलांकडून घ्या. नगरसेवकाचे किंवा आमच्या मंडळाचे नको. मंडळाच्या लेटरहेडवर दर वर्षी कितीतरी पत्रे दिली जातात, त्यांचे वजन आम्हाला ठाऊक आहे. प्राध्यापकांना निदान महिनाभर आधी सांगा, आणि आपले परिचयपत्र व लेखनाचा नमुना त्यांच्या हाती द्या. आदल्या रात्री सही मागायला जाऊ नका.

तयारीबाबत थोडेसे. पूर्वी निवाडे वाचायचे तर महाग ग्रंथ किंवा वर्गणीची संकेतस्थळे लागत. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने ‘ई-एससीआर’ या नावाने आपले अधिकृत निवाडे फुकट खुले केले आहेत. सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्या घरबसल्या पाहता येतात. म्हणजे साधनांची सबब आता फारशी उरली नाही. आठवड्याला एक निवाडा घ्या आणि त्याचा सारांश ५०० शब्दांत लिहा. हकिगत, प्रश्न, दोन्ही बाजूंचे म्हणणे, निर्णय, कारणे. सहा महिने हे केलेत तर लेखी पेपरची भीती जाईल. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत. त्या आधीच्या घटनांचे खटले मात्र अजून जुन्या दंडसंहितेखाली चालू आहेत. न्यायमूर्तींपुढे दोन्ही प्रकारच्या फायली येतात, म्हणून जुनी आणि नवी कलमे जोडीने अभ्यासावी लागतील.

इंग्रजीची धास्ती अनेकांना आहे. सफाईदार बोलणे आणि स्वच्छ लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या कामाला दुसरी लागते. छोटी वाक्ये, योग्य शब्द, एका परिच्छेदात एक मुद्दा. आणि मुलाखतीत उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, पाहून सांगावे लागेल’ हे शांतपणे म्हणता आले पाहिजे. चुकीच्या माहितीवर ठाम राहणारा सहायक न्यायमूर्तींना सर्वांत धोक्याचा.

पालकांच्या मनातला पुढचा प्रश्न म्हणजे या वर्षभराने सनद, वकिली आणि न्यायाधीशाची परीक्षा मागे पडेल का? क्लर्क असताना वकिली करता येत नाही, हे खरे. पण २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. त्याच निकालात, न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून घालवलेला काळही या अनुभवात धरावा असे सांगितले. म्हणजे ज्यांना न्यायाधीश व्हायचे आहे त्यांचे हे वर्ष वाया जात नाही. मात्र प्रत्येक राज्याचे भरतीनियम आणि त्या वेळची जाहिरात पाहूनच हिशेब करा. क्लर्कशिप संपताना अनुभवाचे प्रमाणपत्र मागून घ्या, ते जपून ठेवा. सनदेच्या खर्चाबद्दल म्हणाल तर, ३० जुलै २०२४ च्या निकालाने नोंदणीची फी सर्वसाधारण उमेदवारांसाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये यापेक्षा जास्त घेता येत नाही.

पैशाचेही बोलू. जिल्हा न्यायालयात ज्येष्ठ वकिलांकडे बसणाऱ्या नवख्याला पहिली दोन-तीन वर्षे जाण्यायेण्याचा खर्चही सुटत नाही, हे आपण घरोघर पाहतो. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवख्यांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. ज्या घरात आधीची पिढी वकील नाही, त्या घरातल्या मुलाला मानधनाचे एक वर्ष पाय रोवायला मोठा आधार ठरू शकते.

आणि मुली. कायद्याच्या वर्गात आपल्या मुली हुशारीने पुढे असतात. अर्ज मात्र घरातच अडतो. ‘दिल्लीत एकटी कशी राहील?’, ‘वर्षभराने लग्नाचे पाहायचे आहे.’ आमच्याही घरांत हे बोलले गेले आहे, म्हणून उपदेशाचा अधिकार आम्हाला नाही. एवढेच म्हणतो की राहण्याची सोय शोधणे हे मंडळाला जमण्यासारखे काम आहे. दिल्ली, जबलपूर, नागपूर, मुंबई इथे आपले आप्त आणि जुने सभासद आहेत. ती यादी समिती करील. नाही म्हणण्याआधी ती यादी एकदा मागा.

हे काम सर्वांनीच करावे असेही नाही. ज्याला साक्षीदाराची उलटतपासणी शिकायची आहे, ज्याच्या वडिलांची चालती वकिली आहे, ज्याला गावातच राहून घर सांभाळायचे आहे, त्याने सरळ जिल्हा न्यायालयात जावे. तिथे जे शिकायला मिळते ते दिल्लीच्या वाचनालयात मिळत नाही. पण निर्णय माहिती असून व्हावा, माहिती नसल्यामुळे आपोआप होऊ नये.

हे पत्रक राजकीय, मग त्यात या विषयाला जागा का, असेही कुणी विचारील. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या आहोत, पण मतांच्या हिशेबात थोडे. निवडणूक आली की तिकीट किती मिळाले यावर आपल्या बैठका होतात, आणि निवडणूक संपली की त्या बैठकाही संपतात. सार्वजनिक जीवनातला वाटा केवळ तिकिटाने मिळत नाही. न्यायालये, आयोग, विद्यापीठे, सचिवालये यांत जाण्याच्या वाटा परीक्षेच्या आहेत, आणि तिथे संख्या विचारत नाहीत.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ‘आपला माणूस आत असला तर बरे’ या हेतूने आम्ही हे सांगत नाही. न्यायमूर्तींच्या चेंबरमध्ये पाहिलेले-ऐकलेले बाहेर आईवडिलांनाही सांगायचे नसते. तिथे गेलेल्या मुलाकडे आपल्या ओळखीच्या कुणाच्या खटल्याची चौकशी करणे म्हणजे त्याच्या भवितव्यावर घाव घालणे. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो ते त्यांनी स्वतःच्या धन्याचीही भीड ठेवली नाही म्हणून. तो अभिमान खरा असेल तर आपल्या मुलांवर भिडेचे ओझे टाकू नये.

शेवटी समितीने काय ठरवले ते सांगतो. मंडळाच्या फलकाचा एक कोपरा आजपासून न्यायालयांच्या जाहिरातींसाठी राखीव आहे. दर सोमवारी तो बदलला जाईल आणि प्रत्येक जाहिरातीची शेवटची तारीख लाल शाईने लिहिली जाईल. दर रविवारी सकाळी १० वाजता सभागृहात निवाडा-वाचन आणि सारांश-लेखनाचा वर्ग भरेल. डिसेंबरपासून सराव मुलाखती. आणि समितीकडून यापुढे कुणालाही चिठ्ठी मिळणार नाही.

रविवारचा वर्ग कोण घेणार? जिची तारीख आमच्यामुळे हुकली तीच. २०२५ मध्ये तिने अर्ज वेळेवर भरला आणि परीक्षा दिली. निवड झाली नाही. आज ती इथेच एका ज्येष्ठ वकिलांकडे काम करते आहे. वर्ग घेशील का, असे विचारायला आम्ही जरा संकोचतच गेलो. ती म्हणाली, “घेईन. पण फलकावरच्या तारखा मी स्वतः तपासणार.”

ती मागच्या रांगेत बसली आहे. ज्यांना वर्गाला यायचे आहे त्यांनी जाताना तिच्याकडे नाव द्यावे. आमच्याकडे देऊ नये, आमच्याकडून पुन्हा हरवेल.